फिनिक्स आणि परिसर : रॅटलस्नेक दिसण्याची शक्यता खरोखर किती?

शेवगा | १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली ॲरिझोनातल्या फिनिक्सला झाली आहे, ऑफिस चँडलरमध्ये. मुलांची शाळा संपली की आम्ही ओहायोतून मुक्काम हलवू. मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत. जुलैत नाशिकहून सासू-सासरे येतील, सहा महिने राहतील.

घरं बघून झाली, दोन मनात भरली आहेत. एक गिल्बर्टमध्ये, सपाट भागात, चहूबाजूंनी घरंच घरं. दुसरं आवाटुकीत, मागच्या भिंतीपलीकडे थेट साउथ माउंटनचा डोंगर सुरू होतो. मला दुसरं मनापासून आवडलंय. पण घर दाखवणाऱ्या बाई निघता निघता म्हणाल्या, इकडे रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी वाजवणारे विषारी साप, असतात, बघून चाला. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. नेटवर शोधलं तर निम्मे लोक म्हणतात आयुष्य गेलं इथे, एकही पाहिला नाही. उरलेले म्हणतात दर उन्हाळ्यात अंगणात निघतो. दोघंही खोटं बोलत नसणार. मग नक्की काय समजायचं? तिथे राहणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगा. घाबरायला होईल असं असलं तरी सांगा.

मनीप्लांट | १२ एप्रिल, रात्री १०:०५

आम्ही चँडलरला, मुलाच्या जन्माच्या आधीपासून. घर, अंगण, शाळेचं मैदान, कालव्याकडेची पायवाट, कुठेही रॅटलस्नेक नाही. विंचू मात्र आहेत, आणि तोच आमच्याकडचा खरा त्रास. बार्क स्कॉर्पियन म्हणतात, फिकट पिवळा, भिंतीवर चढतो. रात्री यूव्ही टॉर्च मारली की हिरवट चमकतो. गिल्बर्टचं घर घेतलंत तर सापापेक्षा याची चौकशी आधी करा.

टकमक | १२ एप्रिल, रात्री १०:३२

आमचं घर आवाटुकीत, डोंगराच्या पहिल्या रांगेत. दर वर्षी दिसतोच असं नाही, पण दिसतो. मागच्या वसंतात एसीच्या युनिटमागे, पाण्याच्या नळाच्या ओलीत, एक डायमंडबॅक जातीचा रॅटलस्नेक वेटोळं घालून बसला होता. खाली खडी पसरलेली, आणि त्याच्या अंगावरची धूळ त्याच खडीच्या रंगाची. पाठीवरचे चौकटीचे ठिपकेसुद्धा त्या खडीत विरून गेले होते. मी नळ सोडायला वाकणार तेवढ्यात शेपटीचे काळे-पांढरे पट्टे दिसले. त्याने आवाज अजिबात केला नाही. मी मागे सरले, दार लावलं, साप पकडणाऱ्यांना फोन केला. ते येऊन चिमट्याने उचलून बादलीत घालून घेऊन गेले. तोपर्यंत तो जागचा हलला नव्हता.

घर सोडावंसं मला एकदाही वाटलेलं नाही. हे मनापासून सांगते.

सोनोरावासी | १२ एप्रिल, रात्री ११:५०

शेवगाताई, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि उत्तर मिळण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी इथल्या प्रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव रानात, स्वयंसेवक म्हणून ट्रेलवर (पायवाटांवर) काम करतो, सापांची आवड पुण्यापासूनची.

दोघंही खरं बोलतात, कारण सापाच्या हिशेबाने फिनिक्स हे एक शहर नाहीच. चँडलर, गिल्बर्ट, मेसाचा मधला भाग, टेंपीचा बराचसा भाग, ही सगळी आधी शेती होती, मुख्यतः कापूस आणि अल्फाल्फा. जमीन नांगरली गेली, पाट काढले गेले, सपाट झाली. मग शेतावर घरं आली आणि घरांमधून सहा पदरी रस्ते गेले. डायमंडबॅक हा खडक, झुडपं, बिळं, उंदीर यांच्या आधाराने जगणारा साप. आपल्या ठरलेल्या टापूत फिरतो आणि हिवाळ्याला वर्षानुवर्षं त्याच कपारीत परततो. तो टापू एकदा तुटला की त्या भागात तो परत येत नाही, यायला वाटच राहत नाही. त्यामुळे जुन्या गिल्बर्टच्या मधोमध असलेल्या घरात रॅटलस्नेक निघण्याची शक्यता जवळजवळ शून्य धरा. मनीप्लांट यांचा अनुभव तिथल्या बहुतेकांचा आहे.

आता कडा बघा. साउथ माउंटन शहराच्या मालकीचं, १६,००० एकरांहून मोठं रान आहे आणि त्याला बहुतेक बाजूंनी वस्ती भिडली आहे. स्कॉट्सडेलचं मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्व्ह ३०,००० एकरांहून मोठं. शिवाय केव्ह क्रीक, फाउंटन हिल्स, सुपरस्टिशनच्या पायथ्याचं गोल्ड कॅन्यन, क्वीन क्रीककडचा सॅन टॅन डोंगर. या सगळ्या कडांवर साप आहेत, कायम होते आणि राहतील.

पण कडेवर राहणं म्हणजे काय, तेही मोजायला हवं. पहिल्या रांगेतलं घर आणि तिसऱ्या रांगेतलं घर यांत फार मोठा फरक पडतो. रानातून निघालेला साप पहिल्याच अंगणात सावली, ओल आणि उंदीर मिळाल्यावर पुढे कशाला जाईल? मग ओढा. इथे वॉश म्हणतात, वर्षभर कोरडा, पावसाळ्यात तासाभरासाठी वाहणारा. घर डोंगरापासून लांब असूनही शेजारून वॉश जात असेल तर तो सापाचा राजमार्ग समजा. घर बघायला जाल तेव्हा नकाशात डोंगरापेक्षा आधी वॉश शोधा.

तिसरी गोष्ट वसाहतीचं वय. नवी वसाहत रान खरवडून उभी राहते तेव्हा पहिली काही वर्षं साप खूप दिसतात, कारण ते तिथलेच असतात, घर आपण त्यांच्या जागेत बांधलेलं असतं. उत्तर फिनिक्समध्ये चिप कारखान्याभोवती आय-१७ महामार्गाच्या बाजूने आत्ता जे बांधकाम चाललंय, तिथे हेच होणार. आतल्या रांगांतून हळूहळू साप नाहीसे होतात, कडेला टिकतात.

उद्या ऋतू आणि वेळेबद्दल लिहितो. माझ्या मते तुमच्यासाठी तेच जास्त महत्त्वाचं आहे.

चिंचपेटी | १३ एप्रिल, सकाळी ६:१५

छान माहिती. एक विचारते, हा साप वाजवून सावध करतो ना? मग भीती कसली?

टकमक | १३ एप्रिल, सकाळी ७:०२

चिंचपेटी, त्या भरवशावर राहू नका. वर लिहिलंय तसं माझ्याकडच्याने काहीच आवाज केला नाही. लपून राहणं हा त्याचा पहिला बचाव. आपण दिसलोच आहोत, आता सुटका नाही असं वाटलं की वाजवतो. वाजला की मात्र चुकणार नाही. गवतातला स्प्रिंकलर अचानक सुरू व्हावा तसा सलग, कोरडा आवाज येतो, थांबत नाही.

रानवाटा | १३ एप्रिल, सकाळी ९:२०

मी सर्पमित्र, पुण्यात. अमेरिकेत अभ्यासासाठी काही काळ होतो, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

शेपटीतला खुळखुळा केराटिनचा, म्हणजे आपल्या नखांच्या द्रव्याचा. पोकळ कड्या एकमेकींत सैल अडकलेल्या असतात. प्रत्येक वेळी कात टाकली की एक कडी वाढते. वर्षातून एकाहून जास्त वेळा कात टाकतो आणि कड्या तुटतातही, म्हणून कड्या मोजून वय कळत नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला एकच बोंडूक असतं, ते वाजतच नाही. पिल्लं उन्हाळ्याच्या शेवटी, तिथल्या पावसाळ्यात होतात. अंडी नसतात, आपल्या घोणशीसारखी थेट पिल्लं. म्हणजे जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरात वीतभर लांबीचे, मुके साप अंगणात असू शकतात. त्यांचं विष मोठ्या सापापेक्षा घातक असतं ही समजूत चुकीची आहे. मोठा साप कितीतरी जास्त विष सोडतो.

डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये उष्णता ओळखणारी खाच असते. आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याला असते तीच. त्यामुळे अंधारात उंदीर त्याला व्यवस्थित कळतो. आपल्या घराशी त्याचं नातं एवढंच आहे की घरापाशी उंदीर असतात. माणूस खाण्याजोगा नाही हे त्याला ठाऊक असतं, तो आपल्या मागे लागत नाही. झेप घेऊन चावण्याचा टप्पा त्याच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत धरा. चार फुटी साप असेल तर दोन फूट. पाच-सहा फूट लांब उभं राहिलात की तुम्ही सुरक्षित आहात.

पुण्यातही गणित हेच आहे. टेकडीला टेकलेल्या सोसायटीतून घोणस आणि नागाचे फोन येतात, पेठांतून क्वचित.

सोनोरावासी | १३ एप्रिल, रात्री ९:१०

रानवाटा, उत्तम लिहिलंत. आता ऋतू.

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की साप कपारीतून बाहेर येतात. मार्च ते मे ते दिवसा दिसतात, सकाळी उशिरा आणि दुपारनंतर. हाच माणसांच्या डोंगरभटकंतीचाही हंगाम, म्हणून ट्रेलवर सर्वाधिक गाठी याच दिवसांत पडतात. जून आला की पारा ४० च्या वर जातो. सापाला स्वतःचं तापमान आवरता येत नाही, तापलेल्या जमिनीवर तो थोड्याच वेळात मरेल. मग तो रात्रीचा होतो. संध्याकाळी सूर्य कलल्यापासून पहाटेपर्यंत बाहेर, दिवसा बिळात किंवा दाट झुडपाखाली. जुलैत मान्सून येतो, इथेही त्याला मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा अधिकृत काळ. पाऊस पडून गेलेल्या दमट रात्री त्यांची हालचाल खूप वाढते. ऑक्टोबरात पुन्हा दिवसा दिसतात, कपारीकडे परतत असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बहुतेक आत. हिवाळ्यात एखादी उबदार दुपार आली तर कपारीच्या तोंडाशी ऊन खात बसतात.

आता हे माणसांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याहून वर होता, म्हणजे ४३ सेल्सियसच्या पुढे. उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी कॅमलबॅक डोंगरासारखे ट्रेल शहर दिवसा बंद ठेवतं. मग माणसंही पहाटे आणि अंधार पडल्यावरच बाहेर पडतात. ज्या उन्हाने साप रात्रीचा होतो, त्याच उन्हाने आपणही रात्रीचे होतो. उन्हाळ्यातला धोका इथे आहे, भर दुपारी डोंगरावर नाही.

शेवगाताई, तुमच्या घरी हे थेट लागू होतं. सासू-सासरे जुलैत येणार. दिवसा त्यांना घराबाहेर पाय टाकता येणार नाही. रात्री जेवणं झाली, जरा वारा सुटला की शतपावलीला निघतील, आणि पायात चप्पल. फुटपाथचं काँक्रीट दिवसभर तापलेलं असतं, साप त्याच्या कडेला ऊब घेत पसरलेला असतो. मी आवाटुकीत रस्त्याच्या कडेला असे पाहिले आहेत. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांना मी तीनच गोष्टी सांगतो: बंद बूट, हातात टॉर्च, आणि चालायचं ते रस्त्याच्या मधून, झुडपांच्या कडेने नाही. दाराबाहेर ठेवलेल्या चपला-बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, हे मुख्यतः विंचवासाठी.

अवकाळी | १४ एप्रिल, सकाळी ८:४०

मी स्पष्ट लिहितो. लहान मुलं घरात असताना विषारी साप अंगणात निघाला तर मी फोन करत बसणार नाही, फावड्याने मारीन. पकडणारे येईपर्यंत तो भिंतीखाली गेला तर? आधी आपली मुलं, मग निसर्ग.

रानवाटा | १४ एप्रिल, सकाळी ९:५५

अवकाळी, मुलांची काळजी मला पूर्ण समजते, त्यामुळे मुलांच्याच बाजूने उत्तर देतो.

बिनकामाचा दंश टाळायचा असेल तर सापापासून लांब राहायचं. फावडं घेऊन मारायचं तर त्याच्या टप्प्यात जावं लागतं. अमेरिकेतल्या दंशांत सापाला मारायला, उचलायला, हुसकायला गेलेल्यांची संख्या मोठी आहे, त्यात पुरुष फार, आणि चावा बहुतेकदा हातावर. मुंडकं वेगळं केलं तरी ते तासभरसुद्धा चावू शकतं, विषासकट. असे दंश झालेले आहेत. मुलांना आत घ्या, कुत्र्याला आत घ्या, लांबून एका मोठ्या माणसाने नजर ठेवा आणि फोन करा. नजर ठेवली की साप हरवत नाही, त्याला पळायची घाई नसते.

आणि मारून जागा मोकळी झाली तरी उंदीर, सावली, पाणी तसंच असेल तर दुसरा साप येतो.

अवकाळी | १४ एप्रिल, सकाळी १०:२०

नजर ठेवण्याचा मुद्दा पटला. पण नेऊन सोडतात कुठे? कोसभर लांब सोडलं तरच उपयोग ना?

सोनोरावासी | १४ एप्रिल, दुपारी १२:३०

लांब सोडणं हीच खरी अडचण. परक्या रानात सोडलेला रॅटलस्नेक आपली कपार शोधत भटकत राहतो आणि त्यांतले बरेच मरतात, वाटेत गाडीखाली येतात किंवा उन्हात सापडतात. म्हणून इथले चांगले पकडणारे त्याला जवळच्याच रानात, योग्य बिळाशी किंवा खडकाशी सोडतात. तो पुन्हा तुमच्याच अंगणात यावा असं काही त्याच्या मनात नसतं, अंगणातली सोय काढून टाकली की झालं.

साप हलवायला राज्याच्या गेम अँड फिश खात्याचा परवाना लागतो. कोणालाही बोलावू नका. काही गावांत अग्निशमन दलही हे काम करतं, घर घेतल्यावर आधी त्यांना विचारून नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

अंगणाबद्दल एवढंच: मागच्या भिंतीच्या लोखंडी कठड्याला पाव इंची जाळी, जमिनीत थोडी पुरलेली. फाटकाखालची फट बंद. गॅरेजच्या दाराचं रबर दर वर्षी तपासा, दोन्ही टोकांना ते उंदीर कुरतडतात आणि तिथूनच सगळं आत येतं. घाणेरीची दाट झुडपं खालून छाटा, जमीन दिसली पाहिजे. दगडांचे ढीग, रचलेली लाकडं, पक्ष्यांचं सांडलेलं दाणापाणी काढा. पॅकरॅटने (रानउंदराने) चोया निवडुंगाच्या काट्यांचं घरटं केलं असेल तर आधी ते.

चिंचपेटी | १४ एप्रिल, दुपारी १:१५

डांबरगोळ्या किंवा गंधक टाकून चालेल का? आमच्या गावी घराभोवती फिनेल शिंपडतात.

रानवाटा | १४ एप्रिल, दुपारी १:४०

नाही. यांतल्या कशानेही साप थांबत नाही. दुकानातली सर्परोधक पावडरही याच पठडीतली. डांबरगोळ्या मात्र मुलांच्या हाती लागल्या तर विषबाधा होते. पैसे जाळीवर घाला.

डॉ_पारिजात | १४ एप्रिल, रात्री ८:००

मी टूसॉनमध्ये आपत्कालीन विभागात काम केलं आहे, आता टेक्सासमध्ये. दंश झालाच तर काय, हे धाग्यात यायलाच हवं.

पहिलं, आकडे. संपूर्ण अमेरिकेत वर्षाला सुमारे ७,००० ते ८,००० लोकांना विषारी साप चावतो आणि साधारण पाच जण दगावतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. हा फरक फक्त सापांच्या विषामुळे नाही. भारतात मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, वेदनाही फारशी होत नाही, दवाखाना लांब असतो, वेळ मांत्रिकाकडे जातो. फिनिक्समध्ये दंशापासून रुग्णालयापर्यंत बहुतेकदा अर्ध्या तासाचं अंतर असतं. शेवगाताई, तुमच्या सासू-सासऱ्यांच्या मनातला साप नाशिकचा असेल, तिथली भीती रास्त आहे. इथे ती तशीच आणू नका.

पण दंश हलका समजू नका. पंधरा-वीस टक्के दंशांत विष उतरतच नाही, पण ते घरी बसून ठरवता येत नाही. डायमंडबॅकच्या विषाने प्रचंड वेदना आणि सूज येते, स्नायू आणि कातडी मरते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. बोट किंवा हात कायमचा अधू होऊ शकतो. मोहावी जातीच्या रॅटलस्नेकमध्ये काही भागांत मज्जासंस्थेवर परिणाम करणारं विषही असतं.

करायचं ते असं: सापापासून दूर व्हा, ९११ ला फोन करा, अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, कारण सूज चढल्यावर ते निघत नाही. हात किंवा पाय हृदयाच्या पातळीला स्थिर ठेवा, सुजेची कड कुठवर आली ते पेनाने आखून वेळ लिहा. आवळपट्टी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, तोंडाने ओढायचं नाही, बर्फ लावायचा नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन द्यायचं नाही. साप मारून किंवा पकडून आणू नका, औषध ठरवायला त्याची गरज नाही. इथली प्रतिविषं अमेरिकेतल्या रॅटलस्नेकच्या सगळ्या जातींवर चालतात. विष नियंत्रण केंद्राचा नंबर देशभर एकच, १-८००-२२२-१२२२, चोवीस तास.

प्रतिविषं दोन. क्रोफॅब, मेंढीच्या रक्तापासून, आणि ॲनाव्हिप, घोड्याच्या रक्तापासून. भारतातलं चार सापांचं एकत्रित प्रतिविष यावर चालत नाही, ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यासाठी आहे. घरी पाठवल्यानंतर रक्त गोठण्याची गडबड काही दिवसांनी परत उद्भवू शकते, म्हणून सांगितलेल्या तारखांना रक्त तपासायलाच हवं. लोक इथेच चालढकल करतात.

टकमक | १४ एप्रिल, रात्री ८:३५

डॉक्टर, यात विम्याचंही लिहा. आई-बाबा येतात तेव्हा आपण स्वस्तातला व्हिजिटर विमा घेतो.

डॉ_पारिजात | १४ एप्रिल, रात्री ९:०५

बरोबर. एका कुपीची किंमत हजारो डॉलर लावली जाते आणि सुरुवातीलाच चार ते सहा कुप्या क्रोफॅबच्या किंवा दहा ॲनाव्हिपच्या लागतात. बिल एक लाख डॉलरच्या वर गेल्याची उदाहरणं आहेत. प्रत्येक उपचाराला ठरावीक छोटी रक्कम देणारे विमे यात कामाचे नाहीत. एकत्रित मोठी मर्यादा असलेला घ्या, आणि तो फक्त सापासाठी नाही. फिनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीत २०२३ साली उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. सत्तरीतल्या माणसाला इथे साप चावण्यापेक्षा ऊन लागण्याची शक्यता कैक पटींनी जास्त आहे. सासऱ्यांना रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी असेल तर प्रवासाआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

शेवगा | १४ एप्रिल, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. सोनोरावासी, नकाशा उघडून बघितला. आवाटुकीच्या घरामागे डोंगर आहेच, शिवाय डाव्या अंगाने वॉश जातो, दोन घरं सोडून. मागे लोखंडी कठडा, जाळी नाही. अंगणात कडेने कण्हेर आणि बोगनवेल दाट. सासऱ्यांना शतपावलीशिवाय झोप लागत नाही, ते तर तुम्ही पाहिल्यासारखं लिहिलंत.

तरीही ते घर सोडवत नाही. जाळी, फाटक, झुडपं हे सगळं आम्ही येण्याआधी करून घेता येईल का? मुलांना काय सांगायचं? भीती न घालता.

टकमक | १४ एप्रिल, रात्री ११:००

जाळीचं काम आठवड्याभरात होतं, पण वसाहतीच्या एचओएची (घरमालकांच्या संस्थेची) परवानगी आधी लागते आणि तिला वेळ जातो. खरेदीची बोलणी चालू असतानाच विचारा.

मुलांना आम्ही तीन गोष्टी शिकवल्या. जिथे दिसत नाही तिथे हात किंवा पाय घालायचा नाही. चेंडू झुडपात गेला तर स्वतः काढायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. आणि साप दिसला तर जागीच थांबायचं, मग हळूहळू मागे यायचं आणि सांगायचं, सांगितल्याबद्दल कोणी ओरडणार नाही. माझी धाकटी आता अंगणात पाऊल टाकण्याआधी आपणहून पायरीखाली बघते. ती घाबरत नाही, तिला बघायची सवय लागली आहे.

कोलोरॅडोकर | १५ एप्रिल, सकाळी ७:३०

इतर शहरांतल्यांसाठी थोडं. डेन्व्हरच्या पश्चिमेला गोल्डनच्या टेकड्यांवर प्रेअरी रॅटलस्नेक नियमित दिसतात, शहरात नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातली आपली मंडळी मिशन पीक चढतात, तिथे नॉर्दर्न पॅसिफिक रॅटलस्नेक आहे. न्यू जर्सीत टिंबर रॅटलस्नेक आहे, पण पाइन बॅरन्सच्या जंगलात आणि वायव्येच्या डोंगरांत, आणि तो संकटग्रस्त आहे. एडिसनमध्ये राहणाऱ्यांनी चिंता करू नये.

मनीप्लांट | १५ एप्रिल, सकाळी ८:१०

मॅरिकोपा गावच्या महागणपती मंदिरात गणेशोत्सवात संध्याकाळी गर्दी असते, आणि मंदिर गावाबाहेर मोकळ्या भागात आहे. सप्टेंबरचे दिवस. चपला बाहेर काढून अनवाणी चालणं होतं. तिथे काय करावं?

सोनोरावासी | १५ एप्रिल, सकाळी ९:००

गर्दी, पावलांची धमक आणि उजेड असताना साप जवळ थांबत नाही. काळजी घ्यायची ती गाडीपासून मंदिरापर्यंतच्या अंधाऱ्या पट्ट्यात, त्यातही खडीच्या कडेला. बूट-चपला मंदिराशी पोचल्यावर काढा, गाडीत नाही. मुलांना पार्किंगच्या कडेच्या झुडपांत खेळू देऊ नका. दर्शन उरकून उशिरा निघालात तर मोबाइलचा टॉर्च जमिनीवर धरून चाला.

अवकाळी | १५ एप्रिल, सकाळी ११:४५

सगळेच साप विषारी नसतील ना? अंगणातला कुठला ते लांबून कसं ओळखायचं?

रानवाटा | १५ एप्रिल, दुपारी १२:५०

ॲरिझोनात रॅटलस्नेकच्या तेरा जाती आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त, पण फिनिक्सच्या अंगणात बहुतेक वेळा डायमंडबॅकच. शेपटीवर काळे आणि पांढरे पट्टे जवळपास सारख्या रुंदीचे. मोहावीत पांढरे पट्टे काळ्यांपेक्षा रुंद, आणि तो मोकळ्या सपाट वाळवंटात जास्त. खडकाळ डोंगरात स्पेकल्ड आणि टायगर, पश्चिमेकडच्या वाळूत साइडवाइंडर.

सर्वांत जास्त गल्लत गोफर स्नेकबाबत होते. बिनविषारी, लांब, पिवळसर, अंगावर तपकिरी डाग. घाबरला की डोकं चपटं करतो, जोरात फुत्कारतो, शेपटी वाळक्या पाल्यात आपटून आवाजही करतो, आणि त्यामुळे हकनाक मारला जातो. त्याची शेपटी टोकाला निमुळती असते, खुळखुळा नसतो. काळे-पांढरे आडवे पट्टे अंगभर असलेला किंगस्नेक तर रॅटलस्नेक खातो, तो अंगणात आला तर राहू द्या. मोबाइलने लांबून झूम करून फोटो काढा आणि पकडणाऱ्याला पाठवा, तो पाहून सांगेल. फोटोसाठी एक पाऊलही पुढे टाकू नका.

चिंचपेटी | १५ एप्रिल, दुपारी २:३०

आमच्या लेकीचा कुत्रा आहे, ती ऑगस्टमध्ये टेंपीला शिकायला जाते आहे. त्याचं काय?

टकमक | १५ एप्रिल, दुपारी ३:२०

टेंपीत कॉलेजच्या आसपास काही नाही. पण ती त्याला घेऊन डोंगरावर जाणारच. कुत्रे नाकाने हुंगायला जातात म्हणून चावा तोंडावर बसतो, सूज श्वासनलिकेपर्यंत जाऊ शकते. पट्टा सहा फुटांचा, लांबणारा नको, आणि ट्रेल सोडून जाऊ द्यायचं नाही. इथे रॅटलस्नेकपासून लांब राहायचं प्रशिक्षण कुत्र्यांना देतात, वसंतात त्याचे वर्ग असतात. वास आणि आवाज आला की कुत्रा मागे फिरायला शिकतो. दर वर्षी उजळणी लागते. लसही मिळते, पण तिच्यामुळे दंशानंतर दवाखान्यात न्यायची गरज टळत नाही, आणि तिचा उपयोग किती याबद्दल पशुवैद्यांत एकमत नाही. प्रतिविष रात्री कुठल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळतं, ते तिला पोचल्याबरोबर शोधून ठेवायला सांगा. सगळ्यांकडे नसतं.